खिळ्यावरचं झाकण

१९८७ च्या एप्रिलमधल्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी पावणेचारच्या सुमारास, मुलुंड पश्चिमेच्या एका खासगी प्रसूतिगृहात जिन्याखालच्या खोलीत दत्ताराम घाडी हा सेहेचाळीस वर्षांचा फिटर मृतावस्थेत आढळला. खोलीत रॉकेलवर चालणारा, पाणी तापवायचा बंब पेटलेला होता. दार लोटलेलं होतं. आतून कडी नव्हती.

संध्याकाळी पेपरच्या कचेरीतून उपनगरांतल्या पोलीस ठाण्यांना फोन लावून दिवसभराच्या नोंदी उतरवून घ्यायचं काम त्या आठवड्यात माझ्याकडे होतं. मुलुंडच्या अंमलदारानं एक घरफोडी सांगितली, टेम्पोची एक धडक सांगितली आणि मग म्हणाला, "एक एडी आहे. घ्या." एडी म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. नाव मी लिहून घेतलं. पत्त्यात कांजूरमार्गच्या आमच्या चाळीचं नाव आलं, मग खोली नंबर नऊ. मी नऊ लिहिलं. आमची खोली दहा नंबरची... "झालं का लिहून?" त्यानं विचारलं. झालं, म्हटलं. कारणाच्या रकान्यात 'धुराने गुदमरून' असं होतं आणि त्याखाली आणखी एक वाक्य, ते त्यानं वाचून दाखवलं: 'मयत इसम हा विनापरवाना फिटरकाम करीत असे.' मी विचारलं, "कुठला परवाना?" तो म्हणाला, "जो लागतो तो." दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार ओळींची बातमी आली. ती मीच लिहिली होती. परवान्याचं वाक्य मी घेतलं नव्हतं. मुख्य उपसंपादकांनी पोलिसांची नोंद वाचून ते पुन्हा घातलं. त्यांच्या बाजूनं ते बरोबर होतं. नोंदीत तसं होतं.

दत्ताराम मूळचा देवगड तालुक्यातला. विसाव्या वर्षी तो मुंबईत आला तो थेट परळच्या एका गिरणीच्या बॉयलर हाऊसमध्ये. आधी कोळसा ओढायला, मग भट्टीवर, मग परीक्षा देऊन दुसऱ्या वर्गाचा बॉयलर अटेंडंट. ते सर्टिफिकेट फ्रेम करून खोलीत लावलेलं होतं, गणपतीच्या तसबिरीच्या शेजारी, तिच्यापेक्षा बोटभर खाली. चौऱ्याहत्तर साली आम्ही शेजारी राहायला गेलो तेव्हा त्याच्या नाकाचा किस्सा चाळीत सगळ्यांना ठाऊक होता. बॉयलर हाऊसमधल्या इतक्या वर्षांत त्याला वास येईनासा झाला होता. म्हणजे पूर्णच गेला होता. सुनंदावहिनी, त्याची बायको, पाहुण्यांसमोर हसत सांगायच्या, "ह्येंका सुको बांगडो नि अगरबत्ती एकच!" तोही हसायचा. एकदा खोलीत दूध उतू जाऊन करपलं, शेजारच्या तीन खोल्यांतली माणसं धावत आली आणि हा स्टोव्हपासून चार हातांवर बसून पेपर वाचत होता. "काय रे दत्तू, नाक कुठे ठेवलंस?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "गिरणीत जमा आहे. ग्रॅच्युइटीबरोबर मिळेल."

गिरणीतल्या कामाबद्दल तो फारसं बोलत नसे. बोलायचा ते एकाच गोष्टीबद्दल, वर्षातून एकदा येणाऱ्या इन्स्पेक्टरबद्दल. बॉयलर थंड करायचा, उघडायचा, आतून घासून ठेवायचा. मग इन्स्पेक्टर पँटवर डगला चढवून माणूस जेमतेम मावेल अशा भोकातून आत शिरायचा आणि हातातल्या छोट्या हातोडीनं आतून ठोकत जायचा. बाहेर वीस-पंचवीस माणसं उभी, पण कुणी खोकायचंही नाही, कारण तो आवाज ऐकत असायचा. पत्रा बारीक झाला असेल तर आवाज बदलतो. "तो बाहेर येऊन सही करायचा ना, त्या दिवशी झोप लागायची," दत्ताराम सांगायचा. "वर्षभर आपण काय केलं ते कोणीतरी परक्यानं येऊन बघितलं. आपल्याला काय, आपलं सगळं बरंच वाटतं."

ब्याऐंशीच्या संपानंतर त्याची गिरणी पुन्हा उघडली नाही. दीड वर्ष त्यानं मिळेल ते काम केलं. त्याच सुमाराला उपनगरांत नवीन लॉज, मंगल कार्यालयं, छोटी प्रसूतिगृहं निघत होती आणि सगळ्यांना सकाळी गरम पाणी लागत होतं. गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. विजेचा वाढीव लोड मिळत नसे. मग कुर्ल्याच्या पत्र्याच्या गाळ्यांत रॉकेलवर चालणारे बंब बनू लागले. खाली बर्नर, वर पाण्याचं भांडं, भिंतीवर उंच जागी रॉकेलची टाकी आणि धूर बाहेर न्यायला पत्र्याचा पाइप. बनवणारा गाळेवाला बसवून देत नसे. बसवायचं काम ज्याच्या हातात पाना असेल तो करी: प्लंबर, पंखे दुरुस्त करणारा, एका ठिकाणी तर मंडप घालणारा. पाइप कुठेतरी बाहेर काढायचा, एवढंच त्यांना माहीत असे. घाटकोपरच्या एका लॉजमध्ये तो पाइप न्हाणीघराच्याच खिडकीतून बाहेर काढून वरच्या खिडकीखाली सोडलेला दत्तारामनं पाहिला. तो घरी येऊन दोन दिवस त्याच गोष्टीवर बोलत होता. तिसऱ्या दिवशी परत जाऊन त्यानं तो पाइप स्वतः बदलून दिला. अशा तऱ्हेनं तो या कामात आला.

त्याचं काम हळू चालायचं. पाइपाला किती वळणं आली तर धूर वर चढणार नाही, खोलीला हवा कुठून मिळेल, रॉकेलची टाकी आणि ज्योत यांत किती अंतर हवं, हे तो कागदावर मांडायचा आणि मगच हत्यारं काढायचा. बंब बसवून झाला की त्याचा एक रिवाज होता. एक छोटी पितळी हातोडी तो गिरणीतून येताना घेऊन आला होता. ती तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचा. मालक असेल तर मालकाच्या, नसेल तर जो सापडेल त्याच्या. रविवारी मला सुट्टी असली की मला घेऊन जायचा. "ठोक."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच. मी केलं ते मीच कसं तपासू? ठोक, आणि आवाज कसा येतो सांग."

"बरा येतो."

"बरा म्हणजे कसा?"

"आता कसा सांगू... घंटेसारखा."

"फुटक्या मडक्यासारखा नाही ना?"

"नाही."

"मग ठीक." आणि तो हातोडी फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवायचा. पाच-सहा बंबांवर मी ती ठोकली असेन. मुलुंडच्या प्रसूतिगृहातला त्यांतलाच एक.

मात्र हे नाटक आहे हे त्याला कळत होतं. चौऱ्याऐंशी सालापासून तो सरकारी कार्यालयांच्या वाऱ्या करू लागला. त्याला हवं होतं ते एवढंच, की तेलाचे बंब बसवणाऱ्या माणसांची कुठेतरी नोंद व्हावी आणि बसवलेला बंब कुणीतरी येऊन तपासावा. वहिनींना तो म्हणायचा, "माजा काम कोणीतरी तपासूक व्हया." त्या म्हणायच्या, "मी तपासतंय ना रोज!" पहिल्या कार्यालयात मी त्याच्याबरोबर होतो. टेबलापलीकडच्या कारकुनानं विचारलं, "बॉयलर आहे का?"

"नाही."

"मग इथे कशाला आलात?"

"बॉयलर नाही म्हणूनच आलो. ज्याच्याकडे बॉयलर आहे, त्याच्याकडे तुम्ही जाताच ना."

कारकुनानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि शेजारच्या टेबलावर हाक मारली, "अहो, हे बघा, हे स्वतःहून तपासणी मागतायत." दोघं-तिघं जमले. कुणी हिडीसफिडीस केलं नाही. चहासुद्धा मागवला. मग त्यांच्यातल्या एकानं समजावून सांगितलं: कायद्यात बॉयलर म्हणजे बंद भांड्यात दाबाखाली वाफ करणारं, ठरावीक मापाहून मोठं भांडं. तुमचा बंब वाफ करत नाही, पाणी तापवतो. भांडं मापातही बसत नाही. तेव्हा तो बॉयलर नाही, आणि जो बॉयलर नाही तो आम्हाला तपासता येत नाही. दुसऱ्या कार्यालयानं सांगितलं, की आम्ही रॉकेलच्या साठ्याचं बघतो, एवढासा साठा आमच्याकडे येत नाही. तिसऱ्यानं विचारलं, तुमचं दुकान आहे का? दुकान असेल तर दुकानाची नोंद करू. चौथ्याकडे प्रसूतिगृहांची नोंदणी होत असे. तिथल्या अर्जात खाटा किती, परिचारिका किती, असे रकाने होते, गरम पाणी कसं करता असा रकाना नव्हता. त्यानं लेखी उत्तरं मागितली आणि ती त्याला मिळालीही. चारही कागद मी वाचले आहेत. शब्द वेगवेगळे आहेत, मजकूर एकच... सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

ते कागद घेऊन तो माझ्याकडे आला. "तुझ्या पेपरात लिही ना. तेवढं तरी होईल." मी दीड कॉलम लिहिला. वृत्तसंपादकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "काही झालंय का?"

"अजून नाही."

"मग बातमी काय? उद्या काही झालं तर हेच वर घेऊ. ठेव जपून."

मी ते दत्तारामला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "खरंय त्याचं. आमचा इन्स्पेक्टर आधी यायचा, तुमचा नंतर येतो, एवढाच फरक." त्यानंतर त्यानं तो विषय माझ्याकडे काढला नाही.

मुलुंडचं प्रसूतिगृह एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर आहे. वरचे दोन मजले राहत्या घरांचे. डॉक्टरीणबाई शिस्तीच्या. बंबाला त्यांनी जिन्याखालची खोली दिली आणि एकच अट घातली, की बर्नरचा आवाज बाळंतिणींना जाता कामा नये, दार लावलेलं हवं. दत्तारामनं हवेसाठी भिंतीत जाळी बसवून घेतली आणि धुराचा पाइप इमारतीच्या मागच्या बाजूनं थेट गच्चीवर नेला. वर त्याचं तोंड छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवलं, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. हे पंच्याऐंशीच्या जानेवारीत. मार्चमध्ये पहिली तक्रार आली. तिसऱ्या मजल्यावरच्या लीलाताईंचं गच्चीवर वाळवण होतं, पापड, कुरडया, सांडगे. दुपारचा वारा सुटला की पाइपाच्या आत साचलेल्या काजळीचे पापुद्रे त्यावर उडायचे. लीलाताई कुरडयांचं ताट घेऊनच खाली उतरल्या. "हे बघा! तीळ घातलेत वाटतं की नाही?" दत्ताराम ओशाळला. पाइप आणखी दहा फूट वर न्यावा असं त्यानं सुचवलं, पण गच्चीवर काही उभारायचं तर परवानगी लागते, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं. बंब बसवायला परवानगी लागली नव्हती.

तेव्हा त्यानं जो तोडगा काढला तो मी तीन-चार लोकांना त्या वेळी कौतुकानं सांगितला होता. बंब पहाटे पाच ते सात पेटायचा, बाकी दिवसभर बंद. दुपारी पाइपाचं तोंड झाकलं तर काजळी उडणार नाही. धोका एवढाच, की तोंड झाकलेलं असताना खाली कुणी बंब पेटवला तर धूर खोलीत उलटेल. म्हणून त्यानं पत्र्याचं एक खोल झाकण करून घेतलं, त्या तोंडावर घट्ट बसणारं, आणि ते ठेवायची जागा ठरवली ती गच्चीवर नव्हे, तर खाली, बंबाच्या शेजारी, भिंतीतल्या एका खिळ्यावर. झाकण एकच. वाळवण घालायचं असेल त्या दिवशी लीलाताईंनी खाली यावं, खिळ्यावरचं झाकण न्यावं, पाइपाला लावावं. संध्याकाळी वाळवण उचललं की झाकण परत खिळ्यावर. खाली बंब पेटवणाऱ्यानं फक्त खिळ्याकडे बघायचं. झाकण खिळ्यावर असेल तर वरचं तोंड मोकळं आहे, पेटवा. खिळा रिकामा असेल तर पेटवू नका. प्रसूतिगृहातल्या आया शेवंताबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, तेव्हा पाटी लावून उपयोग नव्हता. खिळा त्यांना लगेच कळला. त्या म्हणाल्या, "म्हंजी झाकण घरी असलं तर चूल पेटवायची. बाहेर गेलं असलं तर नाय." दत्तारामला ते इतकं आवडलं, की तो घरी येऊन वहिनींना दोनदा सांगत होता. त्या रविवारी मी गच्चीवर जाऊन तोंड पाहिलं, खाली येऊन खिळा पाहिला, भांड्यावर हातोडी ठोकली आणि ठीक आहे असं सांगितलं.

दोन उन्हाळे हे बिनबोभाट चाललं. लीलाताई झाकण नेत, परत आणून लावत. शेवंताबाईंशी त्यांची ओळखही झाली, कधी चार कुरडया खाली येत. या वर्षी मे महिन्यात लीलाताईंच्या मुलीचं लग्न होतं. त्यासाठी त्यांच्या सासूबाई एप्रिलमध्येच सावंतवाडीहून आल्या होत्या आणि रुखवतातलं वाळवण त्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. त्या मंगळवारी सकाळी लीलाताई झाकण आणायला निघाल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, कुठे? लीलाताईंनी सांगितलं. पुढचं संभाषण लीलाताईंनीच मला शब्दशः सांगितलं आहे.

"बाळंतिणींच्या खोलीतलं झाकण? ते तू रुखवताच्या कुरडयांजवळ आणणार?"

"अहो आई, पाइपाला लावायचंय ते. कुरडयांना कुठे लागतंय?"

"पोरीचं लग्न आहे गं. रोज तिथे सुवेर, रोज विटाळ. एवढं एक कार्य होईपर्यंत तरी नको."

सासूबाईंनी तांदळाचं एक रिकामं पोतं धुऊन ठेवलं होतं. त्यांनी ते दुहेरी करून पाइपाच्या तोंडावर बसवलं आणि सुतळीनं आवळून बांधलं. काजळी अडली. खाली खिळ्यावर झाकण होतं तिथेच राहिलं. लीलाताई म्हणतात, की हे खाली सांगून यावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण काय सांगणार? तुमच्या झाकणाला विटाळ आहे म्हणून? शेवंताबाईंना ते लागलं असतं. आणि दुपारी बंब कधी पेटत नाही, संध्याकाळी आपण पोतं काढणारच आहोत... त्या खाली गेल्या नाहीत.

त्याच दिवशी सकाळी बर्नरची ज्योत पिवळी येत असल्याचं शेवंताबाईंनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं. दत्तारामला निरोप गेला. तो विक्रोळीचं एक काम उरकून पावणेतीनला पोहोचला. त्यानं बर्नर उतरवला, साफ केला, पुन्हा बसवला. नंतर तो काय करत होता ते शेवंताबाईंनी दारातून पाहिलं: त्यानं खिळ्याकडे बघितलं, झाकणाला बोटानं टिचकी मारली आणि बंब पेटवला. ज्योत निळी आली. त्यानं त्यांना बोलावून दाखवली. "बघा शेवंताबाई, नव्यासारखा." त्यांनी विचारलं, "चहा ठेवू?"

"ठेवा. पाणी किती वेळात तापतं ते बघतो आणि येतो. दार लोटा जरा, आत बाळं झोपली असतील."

त्यांनी दार लोटलं. जाळीला आतून पुठ्ठा लावलेला होता; डास येतात म्हणून पूर्वी कुणीतरी लावला होता आणि दत्तारामनं तो दोनदा काढूनही पुन्हा लागला होता. पंचनाम्यात त्याची नोंद आहे. धूर उलटायला लागला तेव्हा खोलीत वास आला असणार. शेवंताबाईंना तो दहा-बारा पावलांवरच्या स्वयंपाकघरात आला, पण रॉकेलचा वास त्या बाजूला रोजचाच. चहा दोनदा गरम केल्यावर त्या बोलवायला गेल्या. दत्ताराम स्टुलावर बसलेला होता, पाठ भिंतीला टेकलेली, हातात थर्मामीटर. त्यांना वाटलं, डोळा लागला. शेजारी फडक्यात गुंडाळलेली हातोडी होती. झाकण खिळ्यावर होतं.

गच्चीवरचं पोतं पोलिसांना संध्याकाळी सहा वाजता सापडलं. ते लीलाताईंनीच दाखवलं. कुणी विचारण्याआधी त्या स्वतः जिना उतरून खाली आल्या होत्या. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. निष्काळजीपणा कुणाचा हे ठरवायचं तर आधी नियम कुठला मोडला ते सांगावं लागतं, असं तपास करणारे फौजदार मला म्हणाले, आणि असा नियम त्यांना सापडत नव्हता. खिळ्याचा नियम दत्तारामचा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, आणि तो पाळणाऱ्या तीन माणसांपैकी एक गेला होता. मृत्यूनंतर नवव्या दिवशी एका कार्यालयातून एक अधिकारी प्रसूतिगृहात आले. तीन वर्षं दत्ताराम ज्याची वाट पाहत होता ती ही भेट. त्यांनी टेप लावून भांड्याची उंची आणि घेर मोजला, कागदावर हिशेब केला आणि हे आपल्या कक्षेत येत नाही असं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. त्यांनी हातोडी आणली नव्हती.

जपून ठेवलेला दीड कॉलम मी वृत्तसंपादकांच्या टेबलावर पुन्हा ठेवला. त्यांना तो आठवत होता. त्यांनी तो वाचला आणि चार ओळी येऊन गेल्यात, आता आठ दिवस झाले, असं म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

बाराव्याला चाळीतली माणसं जमली होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी अगरबत्तीचा पुडा आणला होता, तो सुनंदावहिनींनी उघडला, एक काडी लावली आणि दत्तारामच्या तसबिरीपुढे धरली. मग मागे वळून मला म्हणाल्या, "तेंका ह्यो वास कसो लागता ता मी एकदा सांगलेलंय. सांगून कळणा नाय, म्हणाले." गिरणीचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं तिथेच होतं. कार्यालयांची चार पत्रं त्यांनी माझ्याकडे दिली. हातोडी पोलिसांकडे मुद्देमालात आहे.

लीलाताईंच्या मुलीचं लग्न ठरल्या दिवशी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. मी गेलो नव्हतो. डॉक्टरीणबाई गेल्या होत्या. रुखवतात कुरडया नव्हत्या, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई लग्नानंतर लगेच गावी परतल्या. गच्चीवर वाळवण घालणं त्या इमारतीत आता बंद झालं आहे. कुणी बंद करा असं म्हटलं नाही.

प्रसूतिगृहात चार आठवडे चुलीवर पाणी तापवलं. रोज सात-आठ बाळंतिणी, त्यांची बाळं, सकाळची आंघोळ; चुलीवर ते भागेना. मेच्या अखेरीस भांडुपहून एक फिटर बोलावला. त्याचीही कुठे नोंद नाही. नोंद होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दत्तारामच्या पत्रांवरून माझ्याकडून समजून घेतलं होतं. त्यानं बंब तोच ठेवला. गच्चीवर जाणारा पाइप त्यानं काढून टाकला आणि धुराचं तोंड जिन्याखालच्या जाळीतूनच मागच्या गल्लीत काढलं, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. त्याच्या बरोबर वर पहिल्या मजल्याची एक खिडकी आहे. ती खिडकी बंद ठेवा असं त्यानं सांगितलं आहे. मी हे डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या, "मग कुणाला दाखवू? तुम्हीच सांगा, कुणाला?"

जूनच्या पहिल्या रविवारी पहाटे मी तिथे गेलो होतो. पाचला पाच मिनिटं कमी होती. शेवंताबाई जिन्याखालच्या खोलीत आल्या, त्यांनी दिवा लावला, आणि काडेपेटी हातात घेण्याआधी भिंतीकडे पाहिलं. झाकण खिळ्यावर होतं. पाइप आता गच्चीवर जात नाही, तेव्हा त्या झाकणाचा काही उपयोग राहिलेला नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. नव्या फिटरनंही सांगितलं होतं आणि झाकण काढून टाकायला हातही घातला होता. त्यांनी ते त्याला काढू दिलं नाही. "घाडी सांगून गेलेत," त्या म्हणाल्या, "झाकण घरी असलं तरच पेटवायचं."

त्यांनी झाकणाला बोटानं टिचकी मारली आणि बंब पेटवला.